लेकीनं पाठवलेलं इंजिन

इंजिनाचा आवाज मध्येच तुटला आणि विमान सरळ माझ्याकडे यायला लागलं.

मी माळाच्या टोकाला झाडाखाली खुर्चीत बसले होते. हातात व्हिडिओ घ्यायला धरलेला फोन होता आणि फोनमधलं विमान मोठं मोठं होत चाललं होतं. उठायला हवं हे कळत होतं. पण माझं उठणं म्हणजे आधी हात टेकायचे, मग कंबर उचलायची, मग गुडघ्यांची समजूत काढायची. तेवढा वेळ नव्हता. रणपिसे विमान धावायच्या पट्टीच्या कडेला रिमोट पोटाशी धरून उभे होते. ते ओरडले नाहीत. वाऱ्यानं पंखांची शीळ वाजत होती, ती मला ऐकू येत होती. माणसाहून लांब पंखांचं ते विमान, त्याला खेळणं म्हणणाऱ्यानं ते एकदा उचलून बघावं. डोक्यात बसलं असतं तर मी हे लिहायला उरले नसते.

रणपिसे कोण ते सांगते. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीत, तळमजल्यावर, माझ्या समोरचं दार त्यांचं. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर ते रिमोटवर उडणारी विमानं करायला लागले. हातात येईल ती वस्तू तळहातावर तोलून बघायची त्यांना खोड होती. भाजीवाल्याचा भोपळा तोलायचे, पेपर तोलायचे, कुणी लग्नाची पत्रिका दिली तर ती वाचण्याआधी तोलायचे. पहिल्यांदा माझ्याकडे चहाला आले तेव्हा कप हातावर धरून म्हणाले, "कप जड आहे तुमचा, मोरेबाई."

मी म्हटलं, "त्यात चहाही आहे."

त्यानंतर ते रोज यायला लागले.

आले होते ते खरं तर पंख धरायला कुणी हवं म्हणून. बोळाच्या वळणात तो अडकला होता. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मी सगळं आयुष्य पुस्तकबांधणीच्या कारखान्यात खळ लावण्यात घालवलं. कापड सुरकुती न पडता कसं ताणायचं ते हाताला ठाऊक. हे समजल्यावर पंखांवर पातळ कागद इस्त्रीनं चिकटवायचं काम त्यांनी माझ्याकडे सरकवलं. सुरकुती राहिली की पंख उलटा करून माझ्यापुढे ठेवायचे, बोलायचे काही नाहीत. माझा नवरा जाऊन खूप वर्षं झाली, मूल नाही. त्यांची बायको गेलेली, मुलगी परदेशात. आमच्या येण्याजाण्याला सोसायटीनं नावं ठेवून पाहिली. या वयात नावं ठेवणाऱ्यालाच आधी दम लागतो.

सोसायटीच्या सभेत मी एकदा पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, तर चेअरमन माझ्यादेखत शेजारच्याला म्हणाले, एकट्या बाईच्या बोलण्याला वजन कुठलं. रणपिसे तिथंच होते. म्हणाले, "अहो, आधी तोलून तरी बघा. काटा आहे माझ्याकडे." सभा हसली. टाकी साफ झाली नाही ती नाहीच.

शेवटचं मोठं विमान करायला घेतलं तेव्हा इंजिन कुठलं बसवायचं यावर त्यांचा फार दिवस खल चालला. बॅटरीची मोटर त्यांना नको होती, तिचा आवाज मिक्सरसारखा येतो म्हणायचे. लहान इंजिनं स्पिरिटवर चालतात, मोठ्या विमानाला पेट्रोलचं लागतं. पण पेट्रोलचं म्हणजे केवढं? ते मला लाकडाचा सांगाडा दाखवून समजवायचे. "इंजिन बघून विमान करायचं नसतं, मोरेबाई. विमान बघून इंजिन बघायचं. घोडा मोठा घेतला म्हणून टांगा मोठा होत नाही." आणि हे तर रोज एकदा, "चालू असताना कुणीही उडेल. बंद पडल्यावर ते खाली कसं येतं, ते बघून इंजिन निवडायचं."

मी विचारलं, बंद पडलं तर काय करायचं. म्हणाले, वळायचं नाही. नाक खाली धरायचं आणि समोर जे असेल तिथं सरळ उतरायचं. वेग नसताना वळलं की एका बाजूचा पंख खाली पडतो आणि विमान गेलं.

"आणि समोर भिंत असली तर?"

"तर ती बांधण्याआधी उडवायचं होतं."

अखेर त्यांनी एक मध्यम इंजिन ठरवलं. त्याच मापानं विमानाचं नाक केलं, नाकावरचं टोपण केलं, टोपणाला वारा आत जायला भोकं केली. इंजिन तेवढं मागवायचं राहिलं होतं. तेवढ्यात सुजाताचा, त्यांच्या मुलीचा फोन आला. ती विचारायची तसं तिनं विचारलं, बाबा काय करताय? ते म्हणाले, मोठं विमान करतोय, आता त्याला इंजिन बघायचं. बस, एवढंच बोलणं. तिनं तिकडच्या दुकानात जाऊन मोठ्या विमानाचं इंजिन मागितलं. दुकानदारानं मोठं दिलं. 'मोठं' या एका शब्दावर सगळं ठरलं. किती मोठं, हे ना तिनं विचारलं ना त्यांनी सांगितलं.

खोकं आलं तेव्हा मी तिथं होते. दोन नळकांड्यांचं, चकचकीत इंजिन. रणपिशांनी ते हातावर घेतलं आणि हात खाली गेला. मग मी घेऊन बघितलं. "नाकावर वरवंटा बांधणार का आता?" मी म्हटलं. "झेपणार नाही हे तुमच्या विमानाला. तिला सांगा आणि परत पाठवा."

"परत नाही पाठवायचं," ते म्हणाले.

त्याचं कारण मला माहीत होतं. त्यांची बायको जुन्या वळणाची. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, घेऊ तर काहीच नये, हे तिनं शेवटपर्यंत पाळलं. सुजाता कोथरूडला राहत होती तेव्हा आई तिच्याकडे जाताना पाण्याची बाटली पिशवीतून न्यायची. एकदा सुजातानं पहिल्या पगारातून आईला शाल आणली. आईनं ती घडी न मोडता परत दिली. पुढं परदेशात गेल्यावर पोरीचं येणं कमी होत गेलं. आईच्या आजारपणात आली ती पाहुण्यासारखी. रणपिसे घरात बुद्धाची तसबीर लावणारे, रूढींवर तासभर बोलणारे. पण शाल परत गेली त्या दिवशी ते गप्प बसले होते.

मी म्हटलं, मग कपाटात ठेवा, तुमचं ठरलेलं बसवा, तिला कुठं कळतंय. तर म्हणाले, तिनं सांगितलंय, माझ्या इंजिनावर उडालेलं व्हिडिओत दाखवा.

"मग बसवा आणि पाडा," मी म्हटलं.

"मोरेबाई," ते म्हणाले, "या घरातून तिला एकदा 'नाही' गेलंय. आता दुसऱ्यांदा जाणार नाही."

मग त्यांनी आपलेच नियम एकेक करून मोडले. नाक जड झालं म्हणून शेपटीत शिसं भरलं. शेपटी जड झाली म्हणून चाकं बदलली. पुढची फळी जाड केली. टोपण मात्र तेच ठेवलं, भोकं जरा मोठी केली. जेवढी वाढवायला हवी होती तेवढी नाही केली, कारण मग टोपण फाटलं असतं. रोज तोलायचे आणि रोज काटा पुढं गेलेला असायचा. मी कागद चिकटवत होते, माझ्याशी बोलणं कमी झालं होतं. विमान चुकतंय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

सासवडच्या रस्त्याला एक मोकळा माळ आहे, तिथं टेम्पोनं विमान नेलं. टेम्पोवाला चहाला गेला. ऊन चढलं होतं, म्हणून रणपिशांनी स्वतः माझी खुर्ची पट्टीच्या टोकाच्या एकुलत्या झाडाखाली नेऊन ठेवली. फोन कसा धरायचा ते दाखवलं. मग इंजिन सुरू केलं. आवाज असा की झाडावरचे कावळे उठले. विमान थोडंच धावलं आणि उडालं. छान उडालं, ते खोटं कशाला सांगू. मी चिकटवलेला पिवळा कागद उन्हात चमकत होता. दोन-तीन फेऱ्या झाल्या. मग उतरायला म्हणून खाली आलं आणि इंजिन बंद पडलं. मोठ्या इंजिनाला लहान टोपणातून वारा पुरला नाही, ते तापून जाम झालं. जड विमान, वेगात, सरळ पट्टीच्या टोकाकडे. टोकाला मी.

त्यांचा नियम मला पाठ होता. वळायचं नाही, सरळ उतरायचं. कदाचित माझ्या अलीकडे टेकलंही असतं. कदाचित.

रणपिशांनी वळवलं. डावा पंख पडला, विमान तसंच खडकात गेलं. आवाज झाला, मग माती उडाली, मग काही नाही.

ते विमानाकडे गेले नाहीत. ते माझ्याकडे आले. मला काखेत हात घालून उठवलं. मला उभी केली आणि दम खात म्हणाले, "वजन आहे तुम्हाला, मोरेबाई."

व्हिडिओतला शेवट त्यांनी घरी आल्यावर कापला आणि उडालेलं तेवढं सुजाताला पाठवलं. तिचं उत्तर आलं, मस्तच बाबा, पुढच्या वाढदिवसाला आणखी मोठं पाठवते. ते वाचून रणपिसे इतके हसले की त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं. त्यानंतर त्यांनी विमान केलं नाही. संध्याकाळी यायचे, कप तोलायचे, चहा घ्यायचे, जायचे. पुढच्या थंडीत झोपेत गेले. सकाळी दार उघडलं नाही तेव्हा मीच शेजाऱ्यांना हाक मारली.

सुजाता आली. घर आवरताना तिला कापडात गुंडाळलेलं इंजिन सापडलं, तेल लावलेलं, एका बाजूनं चेपलेलं. मला विचारलं, "मोरेमावशी, हे उडालं होतं ना?"

"उडालं होतं. पडलंही. विमानाला फार मोठं होतं ते."

"मग मला सांगायचं ना. मी बदलून पाठवलं असतं."

"तुझी शाल परत गेली होती," मी म्हटलं. "त्यांना तुझं काही परत पाठवायचं नव्हतं."

तिनं इंजिन मांडीवर घेतलं आणि चेपलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. मग उठून आत गेली आणि दोन पेले पाणी घेऊन आली. एक मला दिला. मी प्यायले.

इंजिन तिला न्यायचं होतं, पण परतीच्या विमानात सामानाचं वजन जास्त होत होतं. माझ्याकडे ठेवून गेली. माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, ते सकाळी जातात आणि रात्री येतात. त्यांची नावं मला माहीत नाहीत. चहा मी एकटीचाच टाकते.

त्या दिवसाआधी माझ्यासाठी कुणी काही वळवल्याचं मला आठवत नाही. त्या माळावर सरळ रेषेत मी बसले होते. विमान गेलं, रणपिसे गेले. मी आहे.