पांढऱ्या पडलेल्या बॉनेटात लिंबाचं झाड

मंडळी, गॅरेजचा खर्चा वाचला, पण अख्खा रविवार अन् उजवा खांदा गेला.

ओरखडे घालवायला सकाळी अख्ख्या गाडीवर पाणी मारून पॉलिश पेपर फिरवला. रंग पांढुरका पडला.

बायको म्हणाली, "अहो, उद्या हिच्यातच माहेरी जायचंय मला. राख फासली का गाडीला?"

"जन्म गेला एमआयडीसीत लोखंड घासण्यात. संध्याकाळपर्यंत नवी करून देतो!"

बॉनेटला चकाकी आणायची कंपाउंड पेस्ट लावून फडक्यानं घासत राह्यलो. आधी खरखर ऐकू यायची, मंग आवाज मऊ होत गेला. फडकं उचललं अन् वाकून पाह्यलं. आत दारातलं लिंबाचं झाड उभं होतं, पानन् पान! बायकोही वाकून बघत राहिली.

तुम्ही कधी पाहिलंय असं?

अंधार पडेस्तोवर फक्त बॉनेट झालं. उद्या बायको माहेरी मंठ्याला बसनं जाणार आहे.