सरोजा हरवली आहे

भुतंखेतं, दृष्ट, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. माझं कामच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. चूक पुन्हा करून दाखवता आली तरच ती खरी, हा आमचा धर्म. हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल, साताऱ्याची पोरगी चेन्नईला जाऊन बिघडली...

२००६ सालची गोष्ट. ऑफिस नुंगंबाक्कमला. मी, कार्तिक आणि दीपा, आम्ही तिघांनी हौसेखातर एक गेम काढला. स्क्रीनवरचा नाही — खऱ्या शहरात खेळायचा. एक मुलगी हरवली आहे. तिची खोटी वेबसाइट, बसस्टॉपवर चिकटवलेले कागद, त्यावर मोबाइल नंबर. खेळणाऱ्यांनी धागेदोरे जुळवत तिला शोधायचं. नाव ठरवलं सरोजा. आवाज माझा, आणि ती बोलणार मराठीत. चेन्नईत मराठी कुणाला कळतंय, चांगली जिरेल सगळ्यांची — ही अक्कल माझीच! तंजावरची मराठी घरं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं.

नियम एकच. कुणीही फोन करो, हा खेळ आहे असं कबूल करायचं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. म्हातारा आवाज. "सरोजा? मी अण्णा बोलूलालो, बाळा. जेवलीस कां?"

हेल वेगळा, पण मराठीच! मला वाटलं, खेळणाऱ्यांपैकी कुठल्यातरी टीमने आमची फिरकी घ्यायला नाटकातला माणूस गाठलाय. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "जेवले, अण्णा." पलीकडे ते रडायला लागले. मी कार्तिककडे बघून अंगठा वर केला... आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग रोज एकच्या ठोक्याला फोन. "कुठं आहेस?" "सांगता येत नाही, अण्णा." एक दिवस त्यांनी विचारलं, "आईचा कुंकवाचा करंडा कुठं ठेवलीस, बाळा?" हे आमच्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. घरमालकिणीकडे नवरात्रात गोलू पाहिली होती, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. तेच तोंडात आलं. "गोलूच्या पेटीत. वाण्याच्या बाहुलीच्या पोटात." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सापडला." काय अभिनय करतोय गडी, असं मी दीपाला म्हणाले.

शनिवारी गेम संपला. सगळ्या टीम डोसा खायला जमल्या. मी विचारलं, तो म्हातारा कुणाचा? कुणाचाच नव्हता.

डोसा तसाच टाकून उठले. त्यांच्या नंबरवर फोन करून पत्ता विचारला आणि मांबलमला त्यांच्या घरी गेले. एकटेच राहत होते. हात जोडून सगळं सांगितलं — तो आवाज माझा, तो खेळ होता. "सेरि," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले. मग आतून चांदीचा करंडा आणून माझ्यापुढे ठेवला. तळाशी सुकलेलं कुंकू होतं.

"माझी सरोजा हरवल्यावर आम्ही गोलू मांडलोंच नाही. बारा वर्षं ही पेटी कोणी उघडली नाही. तुला कसं कळलं?"

"माहीत नाही, अण्णा. सुचलं ते बोलले."

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाची आकृती करून तिलाच अग्नी देतात. त्यासाठीच त्यांचे वाध्यार, म्हणजे भटजी, गेल्या रविवारी येणार होते. माझा आवाज ऐकला म्हणून अण्णांनी त्यांना नको सांगितलं होतं.

"आतां तूच सांग," ते म्हणाले. "करूं की नको?"

खोटी आशा लावून पाप केलंच होतं, ते आणखी वाढवायचं नव्हतं. मी म्हटलं, "करा."

त्यांनी केलं. मीही गेले होते, लांब उभी राहिले. दर्भाला जळायला वेळ लागत नाही.

करंड्याची जागा मला कशी कळली, याचा उलगडा आजवर झालेला नाही. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त एक विचार जात नाही... ती जागा माझ्या तोंडून सरोजानंच सांगितली असेल, तर त्याच तोंडून "जेवले, अण्णा" हेही तीच म्हणाली असेल. मेलेलं माणूस जेवत नाही. आणि मी तिच्या बापाला जिवंत लेकीला अग्नी द्यायला लावला.