काचेबाहेरचं जेवण

हनोईत इंग्रजी शिकवायला लागून मला वर्ष होत आलं होतं. पगारातलं भाड्यानंतर उरलेलं बरंचसं धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी गावी जायचं. दुपारी बाकीचे शिक्षक समोरच्या कॅफेत जेवायला गेले, की मी रिकाम्या वर्गात दार लोटून घरून आणलेला डाळभात खायचे. डबा कुणाला दिसू नये, असं वाटायचं.

एकदा खिडकीतून फुलं विकणारी एक बाई दिसली. कॅफेच्या काचेसमोरच सायकल लावून, डबा उघडून ती जेवत होती. आतल्या ताटांकडे तिचं लक्षही नव्हतं. इतकं निवांत, चवीनं जेवताना मी कितीतरी दिवसांत कुणाला पाहिलं नव्हतं.

काटकसर करावी लागते यात दुःख नाही, ती लपवण्यातच जीव थकतो. माझी बहीण नर्स होणार होती. त्यात लपवायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर डबा उघडला.

"तू येत नाहीस?" फिलिपिन्सहून आलेल्या आनानं विचारलं.

"नाही. बहिणीला शिकवतेय. बाहेरचं परवडत नाही."

आना दारातून मागे वळली. मग बाकीच्यांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे," आणि माझ्याशेजारी बसून तिनं पिशवीच्या तळाशी लपवलेला आपला डबा काढला.