आठवड्याचा एकच कॉल आणि कुलकर्णी

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही मॉर्मन. आमच्या चर्चमधली तरुण पोरं दोन वर्षं परदेशात धर्मप्रचाराला आणि सेवेला जातात. माझा डॅनियल फिलिपिन्सला आहे. त्याचा व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदाच येतो. आज आमच्या बहरीनमधल्या झिंजच्या फ्लॅटमध्ये तो कॉल चालू असतानाच खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी बायकोला घेऊन टपकले. पुण्याचे इंजिनिअर. सोफ्यावर असे पसरले, जणू फोन त्यांच्यासाठीच लावला होता.

"काय रे, डिग्री अर्धवट टाकून दारोदार फिरतोस म्हणे? घरी कधी झाडू तरी धरला होतास का?"

पोरगं हसलं. "आज एका आजींच्या घरातला पुराचा गाळ काढला, काका."

"वाया गेलास! आमचा रोहन बघ, टोरांटोला आहे. इतका बिझी, की दिवाळीपासून घरी फोन करायलाही फुरसत नाही."

आणि हे तो माणूस छाती फुगवून सांगत होता! बायको खाली मान घालून बसलेली.

डॅनियल एकदम गंभीर झाला. "एकटाच राहतो का, काका? पत्ता द्या ना. तिथे आमच्या चर्चची मुलं आहेत, भेटून येतील. धर्माचं काही बोलणार नाहीत, नुसती विचारपूस करतील."

कुलकर्णींचं तोंड एवढंसं झालं. "चला, खलास, निघतो," म्हणत उठले. तोवर माझ्या कॉलची वेळ संपलीच होती.

आत्ता त्यांच्या बायकोचा मेसेज आलाय. रोहनचा पत्ता, आणि खाली एक ओळ: "ह्यांना सांगू नका."

आता तुम्हीच सांगा, वाया कोण गेलं?