सर्व्हे नंबर सत्तेचाळीसची शकू

शकूवर काहीतरी लिही, असं मला तिसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. लिहायचं काय? कौतुक? कौतुक करणारे आता गावात पैशाला पासरी झालेत. त्यातले निम्मे तेव्हा तिच्याशी बोलत नव्हते. त्या निम्म्यांत मीही होतो. म्हणूनच लिहितो.

मी बाळ केणे. कल्याण कोर्टाच्या फाटकाबाहेर ताडपत्री बांधून, मराठी टायपिंगचं मशीन पुढ्यात घेऊन मी सव्वीस वर्षं बसलेलो आहे. शकू माझी चुलतबहीण. शकुंतला काळुराम केणे, आमच्या आगरी गावातली पहिली वकीलबाई. गाव शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या अंगाला. शहाऐंशी साली ती काळा कोट घालून कोर्टात आली. कोट तिच्या सिनियरचा, बाह्या कापून बेतलेला. तो बघून मी हसलेलो, तर भर रस्त्यात ओरडली, "दात काय काढतोस रे बाळदादा? अर्ज टाईप कर, नि ऱ्हस्व-दीर्घ नीट बघ. मागच्या खेपेला जज्जसाहेबांनी मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं!"

तिच्याकडे सगळी कामं जमिनीची. बांध कोरला, मोजणी चुकली, वारस राहिला. कामाची तिची एकच रीत होती. अशील बोलायला लागला की त्याला अर्ध्यात थांबवायची. "ते नंतर. आधी जागा दाखवा." मग छत्री उचलून शेतात. जागा पायाखालून घातल्याशिवाय ती कागदाला हात लावत नसे. लग्नाची दोन स्थळं सांगून आलेली. एकाचं घर बघायला गेली, तर तिथंही कुंपण सरकारी रस्त्यात आलंय म्हणाली. ते स्थळ अर्थातच फिसकटलं. काळुरामकाकांनी कपाळाला हात लावला.

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत चित्रा तिच्याकडे आली. तेविशीची मुलगी, शहाडला आईजवळ राहायची. आमच्या गावाच्या डोक्यावर एक लष्करी डेपो आहे. त्याचं नाव घेत नाही. तिथल्या इस्पितळात ती आया होती. सामानाच्या गोदामात चादरी आणायला पाठवलं आणि तिथं डेपोच्या एका कॅप्टननं तिच्यावर जबरदस्ती केली. एवढंच सांगतो. तिनं याहून जास्त शकूला सांगितलं आणि शकूनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. मी टाईप केलं तेव्हासुद्धा कागद स्वतःकडे ठेवून, अर्जाला लागेल तेवढीच एकेक ओळ वाचून दाखवली.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. पोलीस ठाण्यात गेलं की इन्स्पेक्टर म्हणायचा, "बाई, ती मिलिटरीची हद्द. आमचा तिथं काय संबंध?" डेपोच्या फाटकावर गेलं की पहारेकरी म्हणायचा, "सिव्हिलियन मामला है, थाने जाओ." शकू कायद्याचं पुस्तक बगलेत घेऊन जायची. लष्कराची जमीन असली तरी तिथं गुन्हा घडला तर तपास पोलिसांचाच, असं कलम दाखवायची. इन्स्पेक्टर पुस्तकाकडे बघायचा, मग घड्याळाकडे. पालथ्या घड्यावर पाणी! वर अर्ज केले, त्याच्या वर केले. मी टाईप करून करून दमलो. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ज्या डॉक्टरी तपासणीला दुसऱ्याच दिवशी अर्थ असतो, ती आता कुणी करून उपयोग नव्हता. चित्राला कामावर यायला बंदी झाली. "चौकशी होईपर्यंत," म्हणाले. आणि चौकशी कुणी करत नव्हतं.

एकदा ठाण्यातून परत आली आणि माझ्या टेबलावर ते पुस्तक इतकं जोरात आपटलं की मशीनची रिबिन सुटली. "काय करू रे? सांग ना, काय करू? ती पोरगी रोज सकाळी येऊन माझ्या दारात बसते. मी तिला काय सांगू, की मला कायदा पाठ आहे?"

मी म्हटलं, "तुझा धंदा जमिनीचा. हे आपलं काम नव्हे."

तिनं पुस्तक उचललं. मग म्हणाली, "अरे, मी अजून जागाच बघितली नाही!"

दुसऱ्या दिवशी चित्राला घेऊन ती तारेच्या कुंपणाबाहेरून चालत गेली. चित्रानं लांबूनच बोट दाखवलं. पांढरं गोदाम, शेजारी मोठी चिंच. ती चिंच आमची. काळुरामकाकांच्या बापानं लावलेली.

आता हे समजून घ्या. दुसऱ्या लढाईच्या वेळी गोऱ्या सरकारनं आमच्या गावाच्या जमिनी डेपोसाठी घेतल्या. लढाई संपली की परत देऊ, असं तोंडी वचन. लढाई संपली, गोरे गेले, डेपो तिथंच. पण सातबाऱ्यावरची नावं कुणी बदललीच नाहीत. सर्व्हे नंबर सत्तेचाळीस, चिंच, गोदाम आणि फाटकाबाहेरची वावभर पट्टी धरून, तलाठ्याच्या दप्तरात तेव्हाही काळुराम केणे यांचाच होता. आणि नेमकं त्याच वर्षी सरकारी पत्र आलेलं, की जमिनी परत देण्यासाठी मोजणी होणार. पन्नास वर्षांनी! गावात पेढे वाटलेले.

शकूनं घरी सांगितलं, की मी सत्तेचाळीसचा उतारा ठाण्यात लावणार. इन्स्पेक्टर म्हणतो ना मिलिटरीची हद्द? मग बघ म्हणावं, कुणाची ते.

गावदेवीच्या देवळात बैठक बसली. सगळ्यांचं एकच म्हणणं, आत्ता डेपोवाल्यांना डिवचलं तर मोजणी बोंबलली. काळुरामकाका शेवटी बोलले. "शकू, तो उतारा कोर्टान जावाचा नाय. ती आपली आय हाय गो. तिच्या अंगावर असला डाग नको."

शकू म्हणाली, "डाग चित्राचा नाही, बाबा. डाग आपल्या जमिनीवर पडलाच आहे. आपण फक्त बघत नाही."

काका उठून गेले. मी? मी सकाळी मशीन लावलं, ती अर्ज घेऊन आली, आणि मी म्हटलं, "हा मी करणार नाही. माझीही जमीन आहे तिथं." एवढं बोलून चहाला निघून गेलो. मर्द माणूस! तासाभरानं आलो, तर ती माझ्या जागेवर बसून दोन बोटांनी टाईप करत होती. ओळ वाकडी, अर्धे काने गायब. वर बघितलं नाही. कागद ओढला आणि निघाली.

तो अर्ज आणि तलाठ्याच्या शिक्क्याचा उतारा इन्स्पेक्टरपुढे ठेवला, आणि चमत्कार बघा. कायद्याच्या पुस्तकानं जो माणूस हलला नाही, तो शिक्का बघून खुर्चीत सावरून बसला. "अहो, मग ही तर खाजगी जमीन! आधी नाही का सांगायचं?" पाच महिन्यांनी फिर्याद लिहून घेतली. शकूनं नक्कल वाचली आणि ठाण्यातच किंचाळली. त्यानं कलम लावलं होतं विनयभंगाचं.

"कलमाचं कोर्ट बघेल, बाई."

कोर्टानं बघितलंच. बलात्काराचं कलम असतं, तर बाहेरच्या बाईच्या बाबतीत डेपोला तो खटला आपल्याकडे घेता आला नसता. विनयभंग म्हटल्यावर घेता येत होता. डेपोनं आमचा माणूस आम्हाला द्या म्हणून पत्र दिलं. शकू दोन तास भांडली. मी बाहेरून आवाज ऐकत होतो. जज्जसाहेब वाईट माणूस नव्हते. मान खाली घालून त्यांनी हुकूम लिहिला. खटला लष्कराच्या कोर्टाकडे गेला.

आणि गावाची मोजणी? बेमुदत पुढे ढकलली. गावानं शकूशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला तिच्या आईला बोलावणं येईना.

ब्याण्णवच्या मार्चमध्ये आत कोर्ट बसलं. त्या कॅप्टनला बचावाला वकील मिळाला होता. चित्रा फक्त साक्षीदार. साक्षीदाराला वकील नसतो. फाटकावर शकूला अडवलं. "पास?"

"मी तिची वकील आहे."

"पास नहीं तो अंदर नहीं."

चित्रा एकटी आत गेली. शकू फाटकाबाहेरच्या पट्टीवर, उन्हात, छत्री उघडून खाली बसली. पहारेकरी उठवायला आला. तिनं उतारा दाखवला. त्याला मराठी येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून जाताना बघितलं, तर तिच्याशेजारी काळुरामकाका. घोंगडी अंथरून, कुडत्याची बटणं लावून बसलेले. पहारेकऱ्याला आगरीतच सांगत होते, "माझी जमीन हाय. माझी पोर माझ्या घरान बसलीय. तुला काय कराचा हाय तो कर." पहारेकऱ्याला शब्द कळले नसतील, पण म्हाताऱ्याचा चेहरा कळला असावा. तो परत जाऊन उभा राहिला. मी सायकल थांबवली नाही. तिथंही चुकलो.

तीन दिवस चित्राला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. पाच महिने गप्प का बसलीस? गप्प! आम्ही सतरा अर्ज केले होते, आणि ती गप्प बसली होती म्हणे. जेवणाच्या सुट्टीत ती कुंपणाशी यायची. तारेच्या पलीकडे ती, अलीकडे शकू. तेवढ्यात एक भाकरी खाऊन, डोळे पुसून परत जायची.

निकाल आम्हाला कुणी कळवला नाही. पत्र लिहिलं, तर गोपनीय म्हणून उत्तर. कळला तो असा. एका रविवारी आमच्या गावच्या खाटकाला डेपोतून बोलावणं आलं, साहेबांच्या निरोपाची पार्टी आहे, दोन बोकड कापायचेत. त्यानं आत विचारलं, तेव्हा समजलं की त्या कॅप्टनची दोन वर्षांची सेवाज्येष्ठता गेली आणि त्याची बदली झाली. बस. चित्राची नोकरी गेली. आता ती डोंबिवलीत एका खाजगी दवाखान्यात आया आहे.

शकू त्या संध्याकाळी माझ्या ताडपत्रीखाली आली, बाकड्यावर बसली आणि रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना बघत होतो. "हरले रे," म्हणाली. मी मशीनवर कापड टाकत राहिलो.

शहाण्णवला काळुरामकाका गेले. तेराव्यानंतर आमच्यात जे होतं ते झालं. बहिणीनं भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायची. ही रीत. नाही म्हणणारी बहीण मी तरी बघितली नव्हती, आणि शेकडो हक्कसोडपत्रं मीच टाईप केलीत. तिचा धाकटा भाऊ दामाजी माझ्याकडे आला. आता सगळीकडे इमारती उठत होत्या, रस्त्याकडेच्या जमिनीला बिल्डर घिरट्या घालत होते. शकू आली, कोट काढून बाकड्यावर ठेवला.

"लिही, बाळदादा. बाकी सगळ्या नंबरांवरचा माझा हक्क मी सोडते. सत्तेचाळीसवरचा दामाजी सोडेल. तो माझ्या एकटीच्या नावावर करायचा."

दामाजी हसला. "अगं ताई, वेडी का तू? ते तारेच्या आत आहे. एक काडी पिकत नाही. मेल्यावरसुद्धा तुला तिथं पाय ठेवायला देणार नाहीत."

"माहीत आहे."

"मग करायचंय काय?"

शकू चिडली. तसंच, जुन्यासारखं. "अरे, त्या डेपोत अजून पन्नास बाया कामाला जातात. उद्या त्यांतली एखादी माझ्या दारात येऊन बसली, तर तो उतारा काढायला मला बापाची परवानगी मागायला लागता कामा नये. भावाची नाही, गावाचीही नाही. त्याच दिवशी, समजलं? पाच महिन्यांनी नाही. त्याच दिवशी!"

मी कागद चढवला. पाच वर्षांपूर्वी याच मशीनवरून मी चहाला उठून गेलो होतो. या वेळी उठलो नाही. एकही काना न चुकवता शेवटपर्यंत टाईप केलं.