हेंकने तोंडात घातलेला ब्रश

मंडळी, आज इथे परदेशात, बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरातल्या आमच्या क्लबात घडलेली गोष्ट. तिथे आम्ही वॉरगेमचे, म्हणजे टेबलावर मांडायच्या लढाईच्या खेळाचे, बोटभर उंचीचे सैनिक रंगवतो, त्यांच्या पायाखाली वाळू चिकटवतो. ब्रशला बारीक टोक यावं म्हणून सगळेच तो ओठांत धरतात. मीसुद्धा.

आज एका राक्षसाचा डोळा मला काही जमेना. शेजारच्या हेंकने माझ्या हातातला ब्रश घेतला, तोंडात घालून टोक काढलं, एक ठिपका दिला आणि ब्रश परत केला.

ई, उष्टा! माझ्या मनात पहिलं हेच आलं. समोर बसलेली मैत्रीण शलाका मराठीत म्हणाली, "फेकून दे गं तो."

फेकणारच होते. पण आई आठवली. शाळेत तिला माठाला हात लावू देत नसत. शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतायचा.

"अगं, त्याच्या आधी तो ब्रश माझ्या तोंडात होता," मी म्हटलं.

दुसरा डोळा त्याच ब्रशने रंगवला.

"धुतलास ना?" शलाकाने विचारलं.

तुम्हीही हेच विचारणार होतात का?