पैलवानाच्या पोटऱ्या

माझी धाकटी जाऊ अक्षदा माहेरची पिंपरी पेंढारची; इथं अवसरीत आम्ही एकाच घरात राहतो. यात्रेला जायचं तरी चपला कुठं काढायच्या, कुठल्या दारानं आत शिरायचं, हे ती आदल्या दिवशीच ठरवते. पुण्यात स्नायूंच्या आजाराची डॉक्टरांची परिषद भरणार, आजारी मुलांच्या घरच्यांनाही एक दिवस बसू देणार, असं कळलं आणि तिला दुसरं काही सुचेना. तिचा थोरला स्वराज याच आजारानं चाकाच्या खुर्चीत बसलाय.

"भाषणं इंग्रजीत असणार, ताई," भाकरी थापता थापता ती म्हणाली. "ती मला कळायची न्हाईत. डॉक्टर चहाला बाहेर आले की गाठायचं. एकाला एकच प्रश्न. पाठीच्या कण्याचं एकाला, श्वासाचं दुसऱ्याला."

"आन् तू चहा कवा पिणार?"

"मी घरूनच पिऊन जाईन."

तिचा धाकटा समर्थ हल्ली कठडा धरून जिना चढतो, हे मी पाहिलं होतं. देवापुढं बसले की तेच मनात यायचं. मग मी जप मोठ्यानं करायचे.

रविवारी अक्षदानं समर्थला ओट्यावर मांडी घालून बसवलं आणि मोबाइल माझ्या हाती दिला. "निरोगी पोर कसं उठतं ते आधी दाखवायचं, मग स्वराजचा जुना व्हिडिओ. डॉक्टरांना फरक दिसला पाहिजे. ऊठ रं राजा."

समर्थ आधी ओणवा झाला. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला.

सासूबाई कौतुकानं हसल्या. "मांडीवर थाप मारतोय बघ. पोटऱ्या बघ कशा भरल्यात. तालमीत घाला याला."

अक्षदा हसली नाही. स्वराजच्या पोटऱ्याही अशाच फुगल्या होत्या. त्यालाही गाव पैलवानच म्हणायचं.

"परत बस," ती म्हणाली.

तो बसला, तसाच उठला.

"हात न लावता, बाळा."

तो अर्ध्यातच कलंडला. "पायाला मुंग्या आल्यात," म्हणाला.

खुर्चीतून स्वराज बघत होता. "मम्मी, आता नको उठवू त्याला. दमतो तो. मला म्हाईतय."

अक्षदानं माझ्या हातातून मोबाइल घेतला. मला वाटलं, ती व्हिडिओ पुसणार. तिनं परिषदेच्या माणसाला फोन लावला.

"सर, मी अवसरीवरून बोलतेय. एका मुलाचं नाव दिलंय मी. अजून एक लिहून घ्या."

तिकडून आजार विचारला असावा. तिनं समर्थच्या पोटऱ्यांकडं पाहिलं.

"ते तिथं आल्यावर तुमीच सांगा," ती म्हणाली.

"कुणाचं नाव दिलंस गं?" सासूबाई विचारत राहिल्या.